लपणात आलेला फोन

मांडीखाली दाबून ठेवलेला फोन थरथरला तेव्हा सुतपा सान्यालला आधी बारीकसा राग आला. मग मांडीच्या कडेतून पडद्यावरचं नाव दिसलं आणि राग कुठल्या कुठे गेला. तातान. आपल्या मुलाचं नाव त्या चौकोनी उजेडात तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. घरातल्या घरात तो निरोप लिहून पाठवायचा. जेवण दाराशी ठेव. पंखा आवाज करतोय. बाबांना सांग, दार वाजवू नका. पण फोन म्हणजे बोलणं, आणि बोलणं त्यानं सरस्वतीपूजेपासून टाकलं होतं. आता भाद्रपद सरत आला होता, पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, दुर्गापूजेच्या मंडपाचे बांबू उभे राहायला लागले होते, आणि कलकत्त्यातल्या कसब्याच्या त्या दोन मजली घरातल्या वरच्या खोलीचं दार दिवसातून थाळी आत घेण्यापुरतं उघडत होतं. सकाळी निघताना ती रोजच्यासारखी त्या दारापाशी थांबली होती. आतून पंख्याचा खडखडाट ऐकू आला होता. पंखा फिरतोय, म्हणजे ठीक आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. हे वाक्य ती रोज स्वतःला का सांगते याच्या खोलात ती कधी शिरत नसे. आणि आता हा फोन. सकाळच्या या वेळी तो झोपलेला असायला हवा. त्याला काय हवं असेल? काही हवं असतं तर त्यानं लिहिलं असतं. लिहिता येत नाही असं काय असेल?

आणि समोर, ती दडून बसली होती त्या कापडी लपणापासून दहा-बारा हातांवर, पाणलावा होता. इतके दिवस रोज सकाळी वाट पाहिल्यावर तो आज प्रथमच पिल्लांना घेऊन जलपर्णीच्या बाहेर उघड्यावर आला होता. नर होता. पाणलाव्यांत देखणी असते ती मादी. ती अंडी घालते आणि दुसऱ्या नराच्या शोधात निघून जाते. अंडी उबवायची, पिल्लं हिंडवायची, ते सगळं या मळकट ठिपक्यांच्या, डोळ्याभोवती पिवळट कडं असलेल्या बापाकडे. तो चिखलात पाऊल टाकायचा, थांबायचा, अंगाचा मागचा भाग वरखाली हलवायचा, पुन्हा पाऊल टाकायचा. त्याच्या मागून लोकरीच्या गुंड्यांसारखी चार पिल्लं, पाठीवर काळ्या रेघा असलेली, एकमेकांच्या अंगावर चढत येत होती. सुतपानं चारदा कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं. हातांचा भरवसा होता, पण श्वासाचा नव्हता. चित्रं हलली असणार असं तिला वाटत होतं. पाचव्यांदा दाबणार तोच मांडीखाली फोन थरथरला, आणि पाणलाव्यानं मान वर केली.

तो नुसता बघत राहिला. कापडाच्या त्या लपणाकडे, लपणाच्या फटीतून बाहेर आलेल्या काचेकडे. सुतपानं मांडी फोनवर आणखी दाबली. थरथर हाडात शिरली. तिला वाटलं, आपल्या हाडांचा आवाज त्याला ऐकू जातोय. वर घारी होत्या. कलकत्त्याच्या पूर्वेच्या या भेड्यांवर, म्हणजे मासे पोसायच्या तळ्यांवर, घारी नेहमीच असतात. शहराचा कचरा जवळ, मासे जवळ, त्यांना काय तोटा. मागच्या आठवड्यात पलीकडच्या भेडीवर तिनं पाहिलं होतं ते तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. मोठमोठ्या नळकांड्यांचे कॅमेरे घेतलेले दोघेजण आले होते, फोटोत मध्ये येतं म्हणून त्यांनी कोयत्यानं गवत कापून टाकलं होतं, आणि दुसरं एक पाणलाव्याचं बिऱ्हाड उघडं पडलं होतं. बाप उडाला, पिल्लं चहूकडे पांगली, आणि घार इतक्या सहज खाली आली, जशी बाई सुपातला खडा उचलते. ‘‘अरेरे, गेलं की रे,’’ म्हणून त्यांच्यातला एक हसला होता. सुतपा बांधावर उभी होती. ती काही बोलली नव्हती. घरी येऊन तिनं ते सासूला सांगितलं तेव्हा सासू म्हणाली होती, ‘‘तू तिथं बोलायचंस, बौमा. इथं मला सांगून काय उपयोग?’’

फोन थांबला. तिनं श्वास सोडला. पाणलाव्यानं मान खाली घातली, चोच चिखलात खुपसली. एक पिल्लू त्याच्या पायाखालून पुढे आलं. मग फोन पुन्हा थरथरायला लागला.

ही पक्ष्यांची भानगड तिच्या आयुष्यात दार बंद झाल्यानंतर आली. ती काम करते ते ग्रंथालय दुपारी उघडतं. त्याआधीचा सगळा वेळ ती जिन्यावर बसून वरच्या दाराकडे बघत काढायची. कान लावायची, थाळीत किती भात उरला ते बघायची, आणि न उरला तरी काळजी, उरला तरी काळजी. एकदा सासूनंच तिला उठवलं. ‘‘जा बाई, कुठं तरी फिरून ये. तू अशी बसलीस की मला दोन माणसं कोंडल्यासारखी वाटतात.’’ दार्जिलिंगच्या सहलीसाठी नवऱ्यानं, सौगतनं, कधीतरी घेतलेला कॅमेरा कपाटात होता. तो घेऊन ती बायपास ओलांडून भेड्यांकडे आली, पुन्हा आली, मग येतच राहिली. राखणदार निमाई मंडल पहिल्यांदा तिच्यावर हसला होता. ‘‘दिदी, लोक इथं रुई-कातला मासे घ्यायला येतात, तुम्ही हा चॅगा, पाणलावा बघायला? मुठीएवढा पक्षी, पातेल्यात टाकला तर मीठसुद्धा वाया!’’ सौगतला मात्र हसू येत नव्हतं. तो नोकरीच्या गावाहून, दुर्गापूरहून, शनिवारी यायचा, बंद दाराशी उभा राहून ‘‘तातान, बाबा आहे रे’’ म्हणायचा, उत्तर आलं नाही की खाली येऊन चहाचा कप आपटायचा. ‘‘पोरगं घरात कोंडून बसलंय आणि आई चिखलात बसून पाखरांचे फोटो काढतेय. शेजारी विचारतात मला. काय सांगू?’’ तिलाही माहीत नव्हतं काय सांगायचं. इथं बसल्यावर छातीतलं ओझं कमी व्हायचं असं नव्हतं. उलट इथं भीतीला बसायला मोकळी जागा मिळायची. पण इथं निदान हलायचं नसतं, आणि हलायचं नसतं म्हणून काही न केल्याचा अपराध वाटत नाही.

फोन थरथरतच होता. तो असा पुन्हा फोन करणारा मुलगा नव्हता. उचलला तर बोलावं लागणार. बोललं तर हा उडणार, किंवा पळणार, आणि वर घारी. न उचलला तर— तिच्या डोळ्यांपुढे खोली आली, पंखा आला, तिनं डोळे मिटले. नंतर खूपदा तिनं आठवून पाहिलं, पण आपण ते ठरवून केलं की हातानं आपोआप केलं हे तिला कळलं नाही: तिनं अंगठ्यानं फोन उचलला, हळूहळू, कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करावा तसा, कानाला लावला, आणि काही बोलली नाही.

पलीकडे श्वास होता.

‘‘म… मा?’’

किती महिन्यांनी. आवाज बदलला होता. खाली उतरला होता, थोडा फाटला होता. सोळाव्या वर्षी बदलतो तसा. दाराच्या आत, तिच्या नकळत, तो बदलला होता, आणि तिला आत्ता कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं आणि पाणलावा धूसर झाला.

‘‘मा, ठा… ठाकु… ठाकुमा…’’

ठाकुमा काय? आजीचं काय? तिचे ओठ हलले. ही तिची जुनी खोड. तातान तीन वर्षांचा असल्यापासून तो अडखळला की पुढचा शब्द तिच्या तोंडात तयार असायचा. पा… पाणी? दू… दूध? शाळेत जा… जायचं नाही? तो मान हलवायचा, कधी हो, कधी नाही, आणि पुढे पुढे नुसतीच हलवायचा, कारण शब्द चुकला तरी तो बदलण्यापेक्षा चुकीचं दूध पिणं सोपं होतं. गोलपार्कच्या डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, ‘‘त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा. त्याच्या तोंडाकडेसुद्धा बघू नका.’’ ती हो म्हणाली होती, आणि परतीच्या रिक्षातच, पाणीपुरीची गाडी दिसून तो ‘फु…’वर अडला तशी म्हणाली होती, ‘‘फुचका खायचाय?’’ त्यानं बाहेर बघितलं होतं. मग सरस्वतीपूजा. शाळेचं अंगण, पिवळ्या साड्या, त्यानं स्वतःहून कविता म्हणायला नाव दिलं होतं, तिला न सांगता. तिसऱ्या ओळीला तो अडकला. अडकलेला चेहरा वर्गातल्या कुणीतरी फोनवर टिपला: मान ताणलेली, डोळे मिटलेले, ओठ एका अक्षरावर आदळत राहिलेले. त्यावर कुणी ढोल लावला, कुणी इंजिनाची शिट्टी. दोन दिवसांत ते सगळ्या शाळेनं पाहिलं. तातान घरी आला, दप्तर जिन्यावर ठेवून वर गेला. बस्स, एवढंच. तो रडला नाही, ओरडला नाही, त्यानं फक्त कडी लावली.

‘‘ठाकुमा ग… ग… ग…’’

गेली.

शब्द तिच्या डोक्यात पुरा झाला आणि तिथेच बसला. ठाकुमा गेली. सासू गेली. सकाळी चहा करताना काय म्हणाली होती? ‘‘ऊन पडलंय, लोणच्याच्या बरण्या बाहेर काढते.’’ काही दुखतं म्हणाली होती का? नाही. हो. डावा हात चोळत होती. रोजच चोळते. ती गेली आणि पोरगा एकटा घरात, तिच्यापाशी, ज्याच्याशी ती रोज बंद दारातून बोलायची, मालिकेत काय झालं, माशाचा भाव काय, शेजारच्या बुलूच्या जावयानं कसली गाडी घेतली, आणि उत्तराची कधी अपेक्षाच करायची नाही. ती गेली, आणि आपण इथं चिखलात. सौगतला काय सांगायचं? सुतपाचं तोंड उघडलं. गेली का रे, हे तीन शब्द जिभेवर आले.

समोर पाणलाव्यानं पुन्हा मान वर केली होती. या वेळी त्याला काहीतरी ऐकू आलं होतं, कदाचित तिच्या ओठांचा आवाज, कदाचित फोनमधला तो ग… ग…. पंख किंचित अंगापासून सुटले होते. एक पिल्लू पंखाखाली घुसत होतं, दुसरं त्याच्या मागे, उरलेली दोन उघड्यावर, अजून बापाजवळ न पोचलेली. आवाज झाला तर ती दोन गेली. असं तिला अगदी स्पष्ट, शांतपणे दिसलं, आणि ते दिसणं तिला स्वतःलाच भयंकर वाटलं. सासू मेलेली, मुलगा फोनवर, आणि मी दोन पिल्लं मोजतेय. मी कसली बाई आहे? पण तोंड मिटलं. तिनं खालचा ओठ दातांत धरला.

‘‘ग… ग…’’ पलीकडे तो थांबला. ती बोलेल म्हणून थांबला होता; इतक्या वर्षांची सवय होती. ती बोलली नाही. फोनमध्ये कुठेतरी बायकांचा गलका होता, दार आपटल्याचा आवाज, कुत्रं. तो श्वास घेताना ऐकू आला, मोठा, जिना चढल्यावर घेतात तसा.

‘‘गच्चीवर पडली,’’ तातान म्हणाला.

तिनं फोन कानावर घट्ट दाबला.

‘‘बर… बरणी फुटली. मला वरून आवाज आला. मी ग… गेलो. प… पाय वाकडा झालाय.’’ प्रत्येक वाक्यानंतर तो थांबत होता. ‘‘बुलूमावशीची बे… बेल चालत नव्हती. मी हाक मारली. खालून. म… मोठ्यानं. ती आली. तिचा जावई गाडी काढतोय. बायपासच्या हॉस्पिटलात नेतोय. ठाकुमा शु… शुद्धीवर आहे. शिव्या देतेय.’’ मग, लहानपणीसारख्या आवाजात: ‘‘मा? तू आहेस ना?’’

उरलेली दोन पिल्लं अजून उघड्यावर होती.

‘‘आहे,’’ सुतपा म्हणाली. ‘‘आहे रे बाबा. येते.’’

पाणलाव्याचे पंख एकदम उघडले. इतक्या मळकट पक्ष्याच्या पंखांत इतकी सोनेरी टिकल्यांची नक्षी असेल असं तिला वाटलं नव्हतं. पंख पंख्यासारखे पसरून, शेपूट उभी करून, मुठीएवढा तो जीव लपणाकडे तोंड करून फुत्कारत उभा राहिला. तो उडाला नाही. कॅमेरा समोर होता, बोट बटणावर होतं, असा क्षण मिळावा म्हणून माणसं वर्षं घालवतात. ती मागच्या बाजूनं, कापड न हलवता, कोपरांवर सरपटत बाहेर पडली. साडीचा पदर चिखलात, फोन दातांत. बांधापर्यंत ओणव्यानं गेली आणि मग वळून पाहिलं. बाप वाकून जलपर्णीकडे पळत होता. मागून पिल्लं. एक, दोन, तीन. चौथं तिला दिसलं नाही. पुढे असेल. पंखाखाली असेल. घार वर होती, पण घार कधी नसते? ती थांबली असती, आणखी एकदा पाहिलं असतं, पण फोनमध्ये आता गाडीचा भोंगा वाजत होता आणि मग फोनच बंद झाला.

निमाई बांधावर चुरमुऱ्यांची मुडी खात बसला होता. ‘‘काय दिदी, साप निघाला की काय?’’

‘‘सासू पडली. निमाईदा, लपण तसंच आहे. कॅमेरा आत आहे. आत्ता काढू नका, उन्हं चढल्यावर काढा. आणि तिकडं कुणाला येऊ देऊ नका.’’

‘‘तुम्ही जा हो. कोण येतंय? मी बसलोय ना.’’ मग मागून ओरडून, ‘‘पिल्लं निघाली होती का बाहेर?’’

ती तोवर ऑटोला हात करत होती.

ऑटोत बसल्यावर चिखल वाळून पायांना ओढ लागली. ऑटोवाला आरशातून तिच्याकडे बघत होता. शुद्धीवर आहे, शिव्या देतेय, हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, पण म्हातारपणी मोडलेला पाय म्हणजे काय हे तिला माहीत होतं; तिची स्वतःची आई तशीच अंथरुणाला खिळून गेली होती. आणि तातान. तो बाहेर आहे. रस्त्यावर, गाडीत, माणसांत. त्याला कुणी काही विचारलं तर? हॉस्पिटलात विचारतात. नाव, वय, पत्ता, कुठं पडली, कशी पडली. रांगेत कुणी हसलं तर? कुणी फोन वर धरला तर? ‘‘जरा लवकर चला ना दादा,’’ ती म्हणाली. ‘‘उडवू का दिदी?’’ ऑटोवाला म्हणाला, ‘‘सायन्स सिटीला सगळं तुंबलंय.’’

तातान अपघात विभागाबाहेरच्या बाकावर बसला होता. तिनं त्याला आधी ओळखलंच नाही. केस मानेवर आले होते, ओठांवर कोवळी मिशी, आणि उजेडाची सवय नसल्यासारखे डोळे बारीक केलेले. पायांत त्याच्या स्वतःच्या चपला नव्हत्या. ठाकुमाच्या निळ्या रबरी चपला होत्या, टाचा बाहेर आलेल्या. शेजारी चाकांच्या खाटेवर सासू पडून होती, चादरीखाली, आणि बुलूशी भांडत होती.

‘‘तीन बरण्यांतली एक फुटली बुलू, एक! तू मला तिघी मेल्यासारखी रडू नकोस. बौमा आली बघ. हे काय, तू कुठल्या गटारात पडलीस?’’

‘‘दुखतंय का, मा?’’

‘‘नाही, गुदगुल्या होतायत,’’ सासू म्हणाली, आणि मग तिचा चेहरा पिळवटला आणि ती गप्प झाली. ते गप्प होणं सुतपाला त्या वाकड्या पायापेक्षा जास्त लागलं. बुलू एक्स-रेची पावती करायला गेली. सुतपा बाकावर बसली, तातानपासून हातभर अंतर ठेवून. त्याला मिठी मारावी की मारू नये हे तिला समजत नव्हतं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

‘‘तू बो… बोलली का नाहीस?’’ तातान म्हणाला. तो रागावला होता. ‘‘मला वाटलं फोन क… कट झाला. मी एकटाच बोलत होतो.’’

तिच्यापुढे उत्तर तयार होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं म्हणून. तुला बोलू द्यावं म्हणून. कुणालाही खरं वाटलं असतं, सौगतलासुद्धा. दोन दिवसांत तिला स्वतःलाही खरं वाटलं असतं.

‘‘समोर पाणलावा होता,’’ ती म्हणाली. ‘‘पिल्लं होती. मी बोलले असते तर पांगली असती. वर घार होती.’’

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता हा उठून जाईल, घरी, वर, आणि कडी लागेल, आणि या वेळी त्याचं कारण ती स्वतः असेल. तिनं घड्याळावरून नजर काढली नाही.

‘‘प… पक्ष्यासाठी?’’

‘‘हो.’’

‘‘मग शेवटी बोललीस ती का?’’

‘‘तू विचारलंस ना, आहेस का म्हणून.’’

तो पायांतल्या निळ्या चपलांकडे बघत म्हणाला, ‘‘पिल्लांचं काय झालं?’’

‘‘तीन दिसली. चौथं माहीत नाही.’’

‘‘तू आधी बोलली असतीस तर,’’ तातान सावकाश म्हणाला, ‘‘म्हणाली असतीस, ठाकुमा गे… गेली.’’

‘‘कोण गेली?’’ खाटेवरून सासू डोळे न उघडता म्हणाली. ‘‘मी ऐकतेय हं सगळं.’’

सुतपाला हसू आलं असतं, पण ते वाटेत कुठेतरी अडकलं. तेवढ्यात निळ्या कपड्यांतला माणूस येऊन खाट ढकलायला लागला. ‘‘एक्स-रे. घरचं एकच माणूस आत यायचं.’’ ती उठली. पण तातान आधीच उठला होता, खाटेच्या कडेला हात लावून उभा होता. ठाकुमानं त्याचं मनगट पकडलं होतं, की त्यानं तिचं, ते तिला नीट दिसलं नाही. ‘‘मी जाते, तू बस,’’ हे तिच्या तोंडात आलं. ती परत बाकावर बसली.

दार लागलं नाही, नुसतं लोटलं गेलं. फटीतून यंत्राची घरघर येत होती, आणि आत कुणीतरी कागद उलटत होतं.

‘‘पेशंटचं नाव?’’

‘‘क… क…’’

सुतपानं बाकाची कड पकडली. बाहेर रांगेतल्या दोन बायका दाराकडे बघायला लागल्या. बुलू पावती घेऊन परत येत होती. ती दारापाशी थांबली आणि तिनं तोंड उघडलं, तर सुतपानं तिचा हात ओढला, इतका जोरात की पावती खाली पडली.

‘‘क… क…’’

‘‘काय? ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल ना, भाई.’’

आत सासू होती, शुद्धीवर, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही अशी. तिला आपलं स्वतःचं नाव सांगता आलं असतं. तीही बोलत नव्हती. घरघर चालू होती. कुठेतरी लहान मूल रडत होतं. सुतपाच्या जिभेवर ते नाव पुरं होऊन बसलं होतं, कडू औषधासारखं, ना थुंकता येत होतं ना गिळता.

‘‘कनकलता सान्याल,’’ आतून तातान म्हणाला.

‘‘हां. वय?’’